हिरवा रंग कोणी दिला?



आज छाटणीचा ३८ वा दिवस. सकाळी दव लई होतं, दहा वाजेपर्यंत ट्रॅक्टर काढता येणार नाही. तेवढ्या वेळात हे लिहून टाकतो, बरेच दिवस डोक्यात आहे.

गावातल्या तिघा-चौघांनी आणि बाहेरच्या दोन सल्लागार साहेबांनी माझी ती फवारणीची रंगीत शीट मागितली आहे. "आप्पा, तुमची ती लाल-हिरवी एक्सेल पाठवा, आम्हीपण तशीच वापरतो." पाठवतो, त्यात काही गुपित नाही. पण त्या हिरव्या रंगाने गेल्या हंगामात मला काय दाखवलं ते आधी ऐका, मग मागा.

शीट माझ्या पुतण्याने केली. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. मी दहावी पास, मला त्यातलं प्रोग्रामिंग येत नाही. पण तो शेजारी बसून करत होता आणि मी प्रश्न विचारत होतो, त्यामुळे काय कशाला आहे ते समजलं. व्यवस्था अशी आहे. मी फोनवर एका साध्या शीटमध्ये नोंद टाकतो: तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, कशासाठी. एवढंच, रंग नाही काही नाही. रात्री पुतण्याचा पायथनमधला प्रोग्राम ती नोंद वाचतो, दुसरीकडे ठेवलेली औषधांची यादी वाचतो आणि दोन्ही जोडून नवी एक्सेल फाईल तयार करतो. छाटणीपासून कितवा दिवस, त्या औषधाचा पीएचआय किती, म्हणजे कोणत्या तारखेनंतर माल तोडता येईल, खर्च किती झाला, सगळं त्यात. वरच्या ओळीत प्रत्येक प्लॉटचा एक मोठा रकाना: हिरवा म्हणजे तोडणीला मोकळा, लाल म्हणजे थांबा.

हे करायला पायथनमध्ये तयार अवजार मिळतं, त्याला लायब्ररी म्हणतात. त्याने वापरली तिचं नाव ओपनपायएक्सएल. फुकट आहे. ही लायब्ररी एक्सेल न उघडताच एक्सेलची फाईल लिहिते. कुठल्या रकान्यात काय, अक्षर ठळक की साधं, मागे रंग कोणता, रेघ जाड की बारीक, तारीख कशी दिसावी, वरची ओळ गोठवून ठेवायची का (म्हणजे खाली सरकलं तरी मथळा दिसत राहतो), सगळं प्रोग्राममधून सांगायचं. एकदा सांगून ठेवलं की रोज तसंच होतं. हाताने रंग भरायला मला अर्धा तास लागायचा आणि दर वेळी एखादी ओळ सुटायची.

मला त्यातली एक गोष्ट फार पटली. एक्सेलची फाईल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं असतं. पुतण्याने ते सोडून दाखवलं. आत आकडे एका फायलीत आणि रंग, अक्षरं, रेघा दुसऱ्या फायलीत. रकान्याजवळ नुसता एक नंबर लिहिलेला, की याला अमुक नंबरचा पोशाख घाला. म्हणजे माणूस वेगळा आणि कपडे वेगळे. मला तेव्हा हे गमतीचं वाटलं होतं. फेब्रुवारीत गंमत राहिली नाही.

त्याआधीच्या बारीकसारीक अडचणी पण सांगतो, कारण ज्याला स्वतः करायचं आहे त्याला त्या येणारच.

पहिली म्हणजे आपला गट नंबर. एक्सेलमध्ये हाताने १२/१ टाकलं की ते त्याची तारीख करतं. आपल्या सातबाऱ्याचंच घ्या, ७/१२ टाकलं की ती तारीख झाली म्हणून समजा! एका यादीत माझ्या तीन गटांच्या अशा तारखा होऊन बसल्या होत्या आणि एकदा ती फाईल सेव्ह झाल्यावर मूळ नंबर काय होता ते कोणी सांगू शकलं नाही. प्रोग्रामने मजकूर म्हणून लिहिलं तर मात्र १२/१ हे १२/१ च राहतं. आपल्यालाच असं होतं असं समजू नका. शास्त्रज्ञांच्या जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजायचं, मार्च१, सेप्ट१ अशी नावं होती. शेवटी २०२० साली जनुकांची नावंच बदलून टाकली, एक्सेल तेव्हा काही बदललं नाही.

दुसरी, रकाना अरुंद राहिला तर तारखेच्या जागी नुसत्या जाळ्या दिसतात, ####. लायब्ररी रुंदी आपोआप करत नाही, सांगावी लागते. आमच्या शेजारच्या तात्यांना वाटलं मी काहीतरी लपवलंय.

तिसरी अडचण जास्त महत्त्वाची. बेरजेसाठी पुतण्याने रकान्यात सूत्र टाकलं होतं. लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडलं की बेरीज बरोबर, पण व्हॉट्सॲपवर आलेली फाईल फोनवरच नुसती बघितली तर बेरजेचा रकाना रिकामा. कारण लायब्ररी सूत्र फक्त लिहून ठेवते, गणित करत नाही. गणित एक्सेल उघडल्यावर होतं. एक्सएलएसएक्सरायटर नावाची दुसरी लायब्ररी आहे, ती अशा ठिकाणी ० ठेवते. विचार करा, खर्चाच्या बेरजेत ० दिसला तर आपण हसू, पण "शिल्लक दिवस" या रकान्यात ० दिसला तर? आपल्यातले दहातले नऊ जण फाईल फोनवरच बघतात. म्हणून आम्ही ठरवलं, गणित प्रोग्राममध्येच करायचं आणि शीटमध्ये तयार आकडा लिहायचा.

आता मुख्य गोष्ट.

प्रोग्राम तोडणीची तारीख काढतो ती अशी: फवारणीची तारीख अधिक पीएचआयचे दिवस. डिसेंबरमध्ये एका रात्री प्रोग्राम बंद पडला, फाईलच आली नाही. पुतण्याने बघितलं तर मी त्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट आणि सीवीड मारलं होतं. यादीत ते नव्हतं, कारण ते औषध नाही, खत आहे. त्याला पीएचआय नाही. तारखेत "काहीच नाही" मिळवायला सांगितलं की पायथन चूक दाखवून थांबतं. पुतण्याने उपाय केला: यादीत सापडलं नाही तर ० दिवस धर. खताच्या बाबतीत ते अगदी बरोबर होतं. मीच त्याला म्हणालो होतो, "अरे, त्याला शून्यच की."

३१ जानेवारीला, छाटणीच्या १११ व्या दिवशी, घडांत मिलीबग दिसला म्हणून थॉमसनच्या दोन एकरांवर एक फवारणी घेतली. नेहमीचं औषध दुकानात नव्हतं. "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरा डबा मिळाला. मी डब्यावरचं नाव जसं होतं तसं नोंदीत टाकलं. आमची यादी मात्र घटकाच्या नावाने होती, आपण मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीवरून करतो तशी. डब्यावरचं नाव त्यात कसं सापडणार? नाही सापडलं. नाही सापडलं म्हणून शून्य. शून्य म्हणून तोडणीची तारीख फवारणीच्याच दिवशी, ३१ जानेवारी. आणि वरचा मोठा रकाना हिरवा.

त्या औषधाचा पीएचआय ३० दिवसांचा होता. म्हणजे २ मार्चच्या आधी तोडायचं नव्हतं.

आम्ही २० फेब्रुवारीची तोडणी ठरवली. व्यापाऱ्याने येऊन माल बघितला, मी त्याला फोनवर शीट दाखवली, अभिमानाने दाखवली. १२ तारखेला नमुना गेला, १६ ला रिपोर्ट आला. मर्यादेपेक्षा अंश जास्त. व्यापारी काही बोलला नाही, नुसतं "आप्पा, बघू मग" म्हणाला. द्राक्षवाल्याला त्याचा अर्थ सांगायला नको. मार्चमध्ये दुसरा नमुना पास झाला, पण तोवर ऊन वाढलं, मणी मऊ पडायला लागले, बाजारही उतरला होता. ठरलेल्या भावापेक्षा किलोमागे २३ रुपये कमी आले आणि काही माल लोकल मार्केटला घालावा लागला. दोन एकराचा हिशेब तुम्हीच करा, मला परत करायचा नाही.

रिपोर्ट आला त्या रात्री पुतण्याला फोन केला. त्याने दहा मिनिटांत सांगितलं कुठे चुकलं ते. तो गप्प झाला, मी पण गप्प. त्याला रागावू शकलो नाही, कारण शून्याला होकार माझाच होता. आणि खाली ५८ व्या ओळीत पीएचआयच्या रकान्यात सरळ ० लिहिलेला होता. मिलीबगचं औषध आणि पीएचआय शून्य! तीस वर्षं द्राक्ष करणाऱ्या माणसाला ते दिसायला नको? पण मी ५८ वी ओळ बघतच नव्हतो. वरचा हिरवा रकाना बघत होतो.

यावर गावात दोन मतं झाली. जुन्या लोकांचं म्हणणं, "वहीच बरी होती." पोरांचं म्हणणं, "एवढं काय, एक ओळ दुरुस्त केली की झालं." मला दोन्ही पूर्ण पटत नाहीत.

वहीवाल्यांच्या म्हणण्यात एक खरेपणा आहे, तो आधी मान्य करतो. वहीत रिकामं ते रिकामंच दिसतं. मी पीएचआय लिहिला नसता तर ती जागा पांढरी राहिली असती आणि पान उलटताना डोळ्याला टोचली असती. शीटने त्या रिकाम्या जागेला शून्य केलं आणि शून्याला हिरवं केलं. आपल्याला माहीत नाही ही गोष्टच तिने पुसून टाकली. हे वही कधी करत नाही.

पण वहीत दुसरे घोळ आहेत. माझ्या एका प्लॉटच्या हंगामात साठच्या वर नोंदी होतात. तारखा मोजताना फेब्रुवारीचे दिवस ३० धरणारे आमच्याकडे कमी नाहीत. पान भिजतं, शाई जाते, आणि निर्यातीच्या कागदासाठी मागितलं की रात्रभर बसून एका हाताने, एका पेनाने सगळी "जुनी" नोंद लिहून काढणारे पण सगळ्यांना माहीत आहेत. २०१० साली सीसीसीच्या अंशावरून युरोपात आपले कंटेनर अडकले, त्या वेळी किती जणांकडे कुठल्या तारखेला काय मारलं याचा खरा कागद होता? मी माझं सांगतो, माझ्याकडे अर्धवट होता.

पोरांना मात्र माझं जास्त सांगणं आहे. एक ओळ दुरुस्त करून हे संपत नाही. डिसेंबरमध्ये प्रोग्राम थांबला होता तेव्हा तो बरोबर वागला होता. तो सांगत होता, "मला हे माहीत नाही." आपण त्याचं तोंड बंद केलं, का तर फाईल वेळेवर यावी. बैल अडला तर आपण आधी खाली वाकून बघतो की पायात काय रुतलंय. नुसता चाबूक मारत नाही. इथे आम्ही चाबूक मारला.

आणि रंगाचं. रंग ही सजावट आहे असं समजून आपण तो सगळ्यात शेवटी भरतो. आधी आकडे नीट करा, मग दिसायला छान करा, असं चालतं. पण वाचणारा आधी रंग बघतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. हिरवा रंग म्हणजे कोणीतरी छातीवर हात ठेवून सांगितलं की तोडा. म्हणून माझं ठाम मत झालं आहे की हिरवा फुकट मिळता कामा नये. सुरुवातीला कुठलाही रकाना हिरवा नसावा. औषध यादीत सापडलं, घटक जुळला, पीएचआय आहे, तारीख मोजून झाली, आजचा दिवस त्यापुढे गेला, एवढं सगळं झालं तरच हिरवा.

आता यंदा काय बदललं ते सांगतो, ज्यांना शीट पाहिजे त्यांनी हे नीट वाचा.

यादीत खतं वेगळी लिहिली, त्यांच्यापुढे "लागू नाही" असे शब्द, आकडा नाही. शून्य फक्त तिथे, जिथे लेबलवर खरंच शून्य आहे. यादीत जे सापडत नाही त्याचा पूर्ण रकाना जांभळा होतो आणि त्या प्लॉटचा वरचा मोठा रकानाही जांभळा, बाकी साठ नोंदी कितीही चांगल्या असोत. जांभळा मुद्दाम घेतला, कारण पिवळा आपल्याला "होईल हळूहळू" असा वाटतो. रंगाच्या जोडीला रकान्यात शब्द पण लिहिला जातो: "माहीत नाही". झेरॉक्स काढली की रंग जातो, शब्द राहतो. आमच्या गावात लाल-हिरवा फरक न कळणारे दोघे आहेत, त्यांनापण वाचता येतं.

रंग देण्याच्या दोन पद्धती आहेत, त्यातला फरक पण समजून घ्या. एक म्हणजे प्रोग्रामने त्या रात्री रंग लावून टाकायचा. तो मग तसाच राहतो. सोमवारची फाईल शुक्रवारी उघडली तरी सोमवारचाच रंग. दुसरी म्हणजे रकान्याला अट लावून ठेवायची, मग एक्सेल उघडताना आजच्या तारखेवरून रंग ठरतो. दुसरी चांगली वाटते, पण तिच्यात तोच खड्डा परत आहे: अटीमध्ये रिकामा रकाना एक्सेल शून्य धरतं, आणि शून्य ही आजच्यापेक्षा जुनी तारीख, म्हणून रिकामं परत हिरवं! त्यासाठी "रिकामं असेल तर जांभळा आणि पुढच्या अटी बघू नको" ही अट सगळ्यात वर ठेवावी लागते. ज्यांनी कोणी इंटरनेटवरून अशी शीट घेतली असेल त्यांनी आज एक काम करा. पीएचआयचा एक रकाना रिकामा करा, तारखेचा एक रिकामा करा आणि कोणता रंग येतो ते बघा.

फाईलवर सगळ्यात वर ती कधी तयार झाली ती तारीख-वेळ मोठ्या अक्षरात येते, आणि तारीख १२-फेब्रु अशी येते, महिन्याच्या नावासकट. ०४/१० म्हणजे ४ ऑक्टोबर की १० एप्रिल यावर वाद नको. आपल्याकडे दोन्ही महिन्यांत छाटणी असते, त्यामुळे चुकीची तारीखसुद्धा खरी वाटते.

सल्लागार साहेबांना एक विनंती. तुम्ही पाठवता त्या शिफारशीच्या शीट फार सुंदर असतात. चार-चार रकाने एकत्र जोडलेले, मध्ये लोगो, प्रत्येक ओळीला वेगळा रंग. माणसाला वाचायला ठीक, पण प्रोग्रामला त्यातून औषध आणि पीएचआय काढता येत नाही, जोडलेल्या रकान्यांपैकी एकातच मजकूर असतो, बाकीचे रिकामे. परत तोच रिकामा. त्या सुंदर शीटबरोबर एक साधी शीट द्या: एक ओळ, एक औषध. घटकाचं नाव, डब्यावरचं नाव, पीएचआय आणि तो कुठून घेतला, लेबलवरून की केंद्राच्या यादीवरून, आणि कोणत्या सालच्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करू नका, प्रोग्रामने फॉन्ट बदलला की त्याची इंग्रजी खिचडी होते. दिसायला ओबडधोबड असली तरी चालेल, पोशाख आम्ही घालू.

दुकानदारांना काय सांगणार? "तेच आहे, कंपनी वेगळी" हे वाक्य ते बोलणारच. मी आता डबा हातात घेतल्यावर लेबलचा फोटो काढतो आणि घटकाचं नाव वाचून मगच पैसे देतो. चष्मा बरोबर ठेवतो, अक्षर फार बारीक असतं.

कालच्या रात्रीच्या फाईलमध्ये वरच्या प्लॉटचा रकाना जांभळा आला आहे. परवा भावाने डाउनीसाठी काहीतरी आणून मारलं, रिकामा डबा भंगारात गेला, नाव अर्धवट आठवतंय. तोडणी लांब आहे, म्हणजे घाई काही नाही, पुतण्या म्हणाला तूर्त राहू दे. मी भावाला बिल शोधायला लावलंय. मिळेपर्यंत तो रकाना जांभळाच राहणार.

दव उतरलं. ट्रॅक्टर काढतो. शीट ज्यांना पाहिजे त्यांना संध्याकाळी पाठवतो, यादी मात्र ज्याची त्याने आपल्या डब्यांवरून भरायची आहे, माझी वापरू नका.